‘अर्ज’ लिहिला की प्रिंटची खिडकी उघडते: दोन तुकड्यांच्या कीबोर्डवर मराठी इनस्क्रिप्ट बसवताना

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल.

इंग्रजी अगदी नीट उमटतं. मराठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मराठी कीबोर्डच्या मांडणीवर, आलं की ‘किती’चं ‘कथी’ होतं, ‘मिरची’ची ‘मऱची’ होते, ‘रात’ लिहावी तर ‘आत’ दिसतं. ‘अर्ज’ किंवा ‘कर्ज’ लिहिताना मधेच प्रिंटची खिडकी उघडते. ‘पत्ता’ लिहिताना कर्सर उडून ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जाऊन बसतो. ‘हल्ली’ लिहिलं की नवी खिडकी. ‘की’ लिहिलं की पान पुन्हा लोड होतं आणि अर्धा भरलेला फॉर्म कोरा होतो. ‘वेळ’, ‘देणे’, ‘शेळी’ असल्या शब्दांत तर भाषाच बदलून इंग्रजी होते. आणि हे दरवेळी होत नाही. दहा वेळा शब्द नीट येतो, अकराव्यांदा घोळ होतो. म्हणूनच हा दोष पकडायला मला दीड महिना लागला.

माझं पांढरकवड्याजवळच्या एका गावात सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीक विमा, शाळा-कॉलेजांचे ऑनलाइन फॉर्म, कुणाचा तक्रार अर्ज तर कुणाचं वारसाचं शपथपत्र. दिवसाचे सात-आठ तास हात कीबोर्डवर असतात आणि त्यातलं बहुतेक सगळं मराठीच. मागच्या उन्हाळ्यात उजव्या मनगटाची ठणक रात्री झोपू देईना. साध्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर जवळ आणावे लागतात आणि मनगटं करंगळीच्या बाजूला मुरडलेली राहतात. कीबोर्डचे दोन तुकडे करून ते खांद्यांइतके लांब ठेवले की हात सरळ पुढे जातात, मुरड निघते. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

नागपूरला शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीत घरी येऊन, सुटे भाग मागवून, ओट्यावर सोल्डरिंग करून मला ४२ बटणांचा कीबोर्ड बनवून दिला. प्रत्येक तुकड्यावर सहा-सहा बटणांच्या तीन ओळी आणि खाली अंगठ्यासाठी तीन बटणं. केंद्रात आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तो पाहून विचारलं होतं, “काहून वं बाई, हे मधातून तुटलं का?” मी त्यांना दोन्ही हात पसरून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं. मला मात्र पहिल्या आठवड्यात खरंच वाटायला लागलं की काहीतरी तुटलेलंच आहे. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “मावशी, माह्या लॅपटॉपवर तं बरोबर चालते.”

तो खोटं बोलत नव्हता. तो इंग्रजी लिहितो. खोट नेमकी तिथे होती.

आधी ही चाचणी करा

नोटपॅड उघडा, मराठी इनस्क्रिप्ट चालू करा आणि ‘अर्ज’, ‘किती’, ‘जिल्हा’, ‘रात’ हे चार शब्द दोन पद्धतींनी लिहा. पहिल्यांदा अगदी सावकाश: एका बटणावरून बोट पूर्ण उचललं की मगच दुसरं बटण. दुसऱ्यांदा तुमच्या नेहमीच्या वेगाने, वीस-पंचवीस वेळा.

सावकाश लिहिताना सगळं बरोबर आणि वेगात घोळ, तर तुमचा आजार माझाच आहे; पुढचा भाग नीट वाचा. सावकाश लिहूनही अक्षरं भलतीच येत असतील, म्हणजे ‘क’च्या जागी दरवेळी दुसरंच काही, तर कीबोर्डच्या आतच मांडणी बदललेली आहे; त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. एखादं बटण दोन्ही भाषांत उमटतच नसेल किंवा अख्खा तुकडाच मुका असेल, तर तार, जॅक नाहीतर बटणाखालचा स्विच तपासायचा. व्हायल या कीबोर्डची मांडणी बदलायच्या प्रोग्रॅममध्ये बटणं तपासायचं एक पान असतं. त्यावर एकेक बटण दाबत गेलं की कोणतं जागं आहे आणि कोणतं नाही, ते डोळ्यांसमोर दिसतं.

दोष नेमका कुठे आहे

एवढ्या लहान कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, विंडोज यांना वेगळी जागा कमी पडते. म्हणून या छंदातले लोक मधल्या ओळीतल्या बटणांना दुहेरी काम देतात. डावीकडची ए, एस, डी, एफ आणि उजवीकडची जे, के, एल, अर्धविराम. टिचकी मारली तर अक्षर, दाबून धरलं तर कंट्रोल किंवा शिफ्ट. याला होम रो मॉड म्हणतात. टिचकी की दाबून धरणं, हे कीबोर्डमधला छोटा प्रोग्रॅम वेळेवरून ठरवतो. बहुतेकांच्या कीबोर्डमध्ये क्यूएमके नावाचा प्रोग्रॅम असतो आणि त्यात ही मर्यादा मुळात २०० मिलिसेकंद असते, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा.

आता इनस्क्रिप्ट कसं आहे ते पाहा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी ठरवली आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानक १३१९४ मध्ये ती आली. तिचं तत्त्व साधं आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. म, न, व आणि अनुस्वार तेवढे डावीकडे खाली. मराठी अक्षर म्हणजे व्यंजन आणि त्यावर मात्रा, म्हणून हात उजवा-डावा-उजवा-डावा असे आलटून पालटून चालतात. जोत्याला बैलजोडी चालावी तशी ही चाल आहे आणि तिच्यामुळेच इनस्क्रिप्ट एवढं वेगवान होतं. माझं या मांडणीवर प्रेम आहे.

पण चांगला टंकलेखक एक बोट पूर्ण उचलून मग दुसरं टेकवत नाही. डावं बोट अजून खालीच असतं आणि उजवं बोट पुढचं व्यंजन दाबतं. सेकंदाचा अगदी बारीक तुकडा दोन्ही बटणं एकाच वेळी दाबलेली राहतात.

आणि डाव्या हाताच्या मधल्या ओळीवर काय आहे? ए वर ओकार, एस वर एकार, डी वर पाय मोडायचं बटण म्हणजे हलंत, एफ वर पहिली वेलांटी. मराठीत सतत लागणारी चिन्हं, आणि त्यांच्याच पोटात विंडोज, ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट दडवलेले.

‘अर्ज’ घ्या. अ, मग र, मग पाय मोडायला डी, मग ज साठी पी. डी वरचं बोट उचलायच्या आत पी दाबलं गेलं की कीबोर्डला वाटतं, बाईंना कंट्रोल-पी हवं आहे. प्रिंट. ‘पत्ता’मध्ये डी नंतर त चं एल येतं: कंट्रोल-एल, म्हणून कर्सर वरच्या पट्टीत. ‘हल्ली’त कंट्रोल-एन. ‘प्रमाणपत्र’ लिहिताना कंट्रोल-जे, म्हणून डाउनलोडची यादी उघडते. ‘किती’मध्ये वेलांटीचं एफ शिफ्ट होतं आणि त चा थ होतो, वेलांटी गायब. ‘जिल्हा’ हा तर माझ्या कामातला रोजचा शब्द आणि त्यात दोन्ही सापळे आहेत: वेलांटी फसली तर ‘जळ्हा’, पाय फसला तर कंट्रोल-यू आणि वर्डमध्ये पुढचं सगळं अधोरेखित.

उजव्या हाताला तसंच. र च्या जे मध्ये शिफ्ट, क च्या के मध्ये कंट्रोल. ‘की’ म्हणजे कंट्रोल-आर, पान ताजं होतं. ‘को’ म्हणजे कंट्रोल-ए, सगळा मजकूर निवडला जातो आणि पुढचं अक्षर तो पुसून टाकतं. एका शेतकऱ्याच्या अर्जात मी ‘कोरडवाहू’ लिहीत होते आणि तीन परिच्छेद एका क्षणात गेले. ते समोर बाकावर बसले होते, त्यांना परतीची एसटी पकडायची होती. त्या दिवशी मी ठरवलं की हे मुळापासून समजून घ्यायचं.

भाषा आपोआप बदलण्याचं कारणही हेच. ‘वेळ’मध्ये एकाराचं एस, म्हणजे ऑल्ट, आणि लगेच ळ साठी शिफ्ट. ऑल्ट आणि शिफ्ट दोन्ही खाली गेले आणि एस वरचं बोट उठलं की विंडोज भाषा बदलतं. ‘देणे’त ण साठी शिफ्ट, ‘शेळी’त ळ साठी. एकारानंतर शिफ्टचं अक्षर आलं की सापळा तयार.

काय केलं आणि काय लागू पडलं नाही

पहिला उपाय सगळे सांगतात तो: मर्यादा वाढवा. (पुढच्या परिच्छेदातलं सेटिंग चालू असताना याने फरक पडत नाही, म्हणून ते बंद केल्यावर हा करून पाहिला.) मी २०० ची २५० केली, मग ३००. ‘अर्ज’ सुधारला. पण आता खरा कंट्रोल हवा असताना मिळेना. कॉपी करायला जावं तर ‘कम’ उमटायचं, पेस्ट करायला जावं तर ‘कन’. आणि ठणकत्या हाताला प्रत्येक वेळी बटण जास्त वेळ दाबून धरायला लावणं म्हणजे दुखण्यावर मीठ.

भाच्याने एक सेटिंग चालू ठेवलं होतं: दुसरं कुठलंही बटण दाबलं जाताच पहिलं ‘दाबून धरलेलं’ समजायचं. इंग्रजीत तो संथ लिहितो म्हणून त्याला ते सोयीचं. माझ्यासाठी घात तिथेच होता. ते बंद केल्यावर चुका निम्म्याहून कमी झाल्या. तुमच्याकडे ते चालू असेल तर आधी ते बंद करा. होम रो मॉड ठेवायचेच असतील तरीही.

मग त्याने मोठ्या उत्साहाने नवा उपाय पाठवला. क्यूएमकेमध्ये कॉर्डल होल्ड नावाची सोय आली आहे. तिचा नियम असा: दोन्ही बटणं एकाच हाताची असतील तर ती टिचकीच समजायची, शिफ्ट-कंट्रोलचा विचार फक्त समोरच्या हाताचं बटण आलं तर करायचा. कारण एका हाताने कंट्रोल धरून दुसऱ्या हाताने अक्षर दाबायची सवय असते. इंग्रजीसाठी हा नियम फार चांगला आहे. पण वर सांगितलेली बैलजोडी आठवा. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डावी, व्यंजन उजवं, म्हणजे समोरचा हात हा नियमच आहे. जी खूण इंग्रजीत ‘मुद्दाम दाबलं’ असं सांगते, तीच मराठीत ‘नेहमीसारखं लिहिलं’ असं सांगते. त्या नियमाने आमची बहुतेक जोडाक्षरं वाचली नाहीत.

हे कळल्यावर माझ्या डोक्यातला गुंता सुटला. वेळेचे आकडे खालीवर करून काही होणार नव्हतं. ही सगळी व्यवस्था ज्या भाषेसाठी बेतली, ती भाषा वेगळी. इनस्क्रिप्टवर मराठी लिहिणाऱ्याने मधल्या ओळीत दुहेरी काम ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी बसलेली मांडणी

व्हायलमध्ये कीबोर्ड जोडून मी मधल्या ओळीतली सगळी दुहेरी बटणं साधी अक्षरं करून टाकली. तिथे बदल लगेच लागू होतो, कीबोर्डमध्ये नवीन प्रोग्रॅम भरावा लागत नाही. पाच मिनिटांचं काम. त्याच दिवशी प्रिंटची खिडकी उघडणं थांबलं.

मग प्रश्न उरला शिफ्टचा आणि हरवलेल्या अक्षरांचा. खरं सांगायचं तर हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण याबद्दल मराठीत कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

४२ बटणांत पी च्या उजवीकडचे दोन चौकटी कंस नसतात, उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश) नसते, आकड्यांची ओळ नसते आणि तिच्या टोकाचं बरोबरचं चिन्हही नसतं. इंग्रजी माणसाला ही चिन्हं क्वचित लागतात, म्हणून ती आतल्या थरात टाकतात, म्हणजे थराचं बटण धरलं की त्याच बटणांवर दुसरी चिन्हं येतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या जागांवर काय आहे? उघड्या कंसावर ड आणि शिफ्टने ढ. बंद कंसावर नुक्ता आणि शिफ्टने ञ. उलट्या तिरक्या रेघेवर ऑ ची मात्रा. बरोबरच्या चिन्हावर ऋ ची मात्रा. म्हणजे ‘पांढरकवडा’ या आमच्या तालुक्याच्या गावाच्या नावातली दोन अक्षरं आतल्या थरात. ‘डॉक्टर’ची पहिली दोन चिन्हं आतल्या थरात. ‘कृषी’, ‘मृत्यू’, ‘गडचिरोली’, ‘उमरखेड’, ‘ऑनलाइन’, सगळे शब्द अडखळायचे. ‘ज्ञ’ साठी ञ लागतो, तोही तिथेच. ढ लिहायला थराचं बटण, शिफ्ट आणि अक्षर, एवढी कसरत.

शिवाय मराठीत शिफ्ट फार लागतो. ‘आणि’ या एवढ्याशा शब्दात तो दोनदा लागतो, आ ला आणि ण ला. ‘खाणाखुणा’त चारदा. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा शिफ्ट लागतो, आपल्याला शब्दाशब्दाला. हा सगळा भार करंगळीवर, आणि उजव्या करंगळीकडे आधीच ज, च, ट, य आहेत. माझी ठणक कुठून आली ते तेव्हा लक्षात आलं.

म्हणून शिफ्ट अंगठ्याला दिला. डाव्या अंगठ्याखालचं आतलं बटण, आणि तेही वन-शॉट म्हणून: टिचकी मारून सोडून द्यायचं, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं येतं, दाबून धरायची गरज नाही. चुकून दाबला गेला तर काही सेकंदांनी तो आपोआप विझेल असंही सेटिंग आहे. अंगठा हा हातातला सगळ्यात दणकट गडी. साध्या कीबोर्डवर त्याला स्पेसबारपलीकडे कामच देत नाहीत.

शिफ्ट अंगठ्याकडे गेल्यावर खालच्या ओळीचे दोन्ही कोपरे मोकळे झाले. डाव्या कोपऱ्यात ऑ ची मात्रा, उजव्या कोपऱ्यात ऋ ची मात्रा. बॅकस्पेस पी च्या शेजारी होता तो उजव्या अंगठ्याला दिला, आणि त्या रिकाम्या जागी उघडा चौकटी कंस, म्हणजे ड. साध्या कीबोर्डवर ड पी च्या शेजारीच असतो, त्यामुळे तो आपल्या घरी परत आला आणि बोटाला काही नवीन शिकावं लागलं नाही. कंट्रोल डाव्या टोकाला मधल्या ओळीत, कॅप्स लॉक असतो तिथे. ऑल्ट डाव्या अंगठ्याच्या बाहेरच्या बटणावर. आकडे आतल्या थरात, त्याचं बटण डाव्या अंगठ्याच्या मधल्या जागी. ‘ट्रॅक्टर’मधली अर्धचंद्राची मात्रा शिफ्ट आणि दोनच्या आकड्यावर असते, तिच्यासाठी शिफ्टची टिचकी, थर धरून दोन, एवढं पुरतं.

राहिला बंद कंस, नुक्ता आणि ञ साठी. त्याच्यासाठी कॉम्बो केला: दोन बटणं एकदम दाबली की तिसरं चिन्ह. कॉम्बो निवडताना मात्र आपली भाषा तपासा. मी आधी के आणि एल घेतले होते, म्हणजे क आणि त. ‘शकत’, ‘एकत्र’ लिहिताना तो उगाच सुटायला लागला. मग एल आणि अर्धविराम घेतले, म्हणजे त आणि च. ‘शेतातच’, ‘घरातच’ मध्ये अडकला. शेवटी ओ आणि पी, म्हणजे द आणि ज. मराठीत द ला लागून लगेच ज येणारा शब्द मला रोजच्या कामात भेटत नाही. ‘अंदाज’मध्येही मधे काना आहे. तो कॉम्बो आजवर चुकून सुटलेला नाही.

भाषा बदलण्यासाठी विंडोज आणि स्पेस ही जोडी एकाच बटणावर ठेवली. आणि विंडोजच्या कीबोर्डच्या प्रगत सेटिंग्जमध्ये जाऊन ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलण्याची सोय बंद केली. साधा कीबोर्ड वापरणाऱ्यांनीही ती बंद केली तर बरं. केंद्रात येणारे कितीतरी जण सांगतात की लिहिता लिहिता भाषा बदलते.

सावकाश लिहूनही अक्षरं चुकत असतील तर

एका ओळखीच्या मुलीचं असं झालं होतं. तिने इंग्रजीसाठी कोलमॅक घेतलं. २००६ साली शाय कोलमन यांनी मांडलेली ही रचना बोटांना सोपी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिने ती कीबोर्डच्या आत, प्रोग्रॅममध्येच बसवली. इनस्क्रिप्ट अक्षर ओळखतं ते कीबोर्डने पाठवलेल्या बटणाच्या क्रमांकावरून. आतच क्रमांक बदलले की इनस्क्रिप्टची सगळी घडी विस्कटते. उपाय सरळ आहे: कीबोर्डच्या आत साधी क्वर्टीच, म्हणजे नेहमीची इंग्रजी मांडणी, ठेवायची आणि इंग्रजीची रचना संगणकाच्या सेटिंगमध्ये निवडायची. मग मराठीवर आलं की मराठी जिथल्या तिथे.

आणखी एक गोष्ट. यूएसबीची तार उजव्या तुकड्याला लावली आणि डावी-उजवी बाजू उलट झाली, तर घाबरू नका. बरेचसे कीबोर्ड तार डाव्या तुकड्याला असेल असं धरून चालतात.

व साठी वेगळा सराव

तुकडे वेगळे झाले की बी चं बटण डाव्या हाताकडे जातं. बी वर व आहे. मी वीस वर्षं व उजव्या तर्जनीने मारत होते आणि ते मला माहीतच नव्हतं. नव्या कीबोर्डवर उजवं बोट मधल्या रिकाम्या जागेत टेबलावर आपटायचं. यावर सेटिंग नाही, फक्त सराव. मी आपल्या भागातले शब्द काढून वहीत लिहिले: वावर, वखर, डवरणी, वाहीपेरी, वेचणी, वावरात. रोज संध्याकाळी अर्धा तास तेवढेच शब्द. ‘पऱ्हाटी’ आणि ‘शेतकऱ्यांना’ हे ऱ्य-ऱ्ह चे शब्द अंगठ्याच्या शिफ्टसाठी.

दिवसा गिऱ्हाईक असताना जुनाच कीबोर्ड वापरला. लोकांचं काम अडवून आपला सराव करू नये. माझा वेग मिनिटाला ४० शब्दांच्या आसपास होता. नव्यावर पहिल्या आठवड्यात तो १२ वर आला, तिसऱ्या आठवड्यात २५, आणि दोन महिन्यांनी जुन्या जागी पोचला. जून-जुलैच्या गर्दीत हे सुरू करू नका. पीक विमा आणि प्रवेशाचे फॉर्म एकदम येतात तेव्हा बोटांना नवं शिकवायला उसंत नसते. फेब्रुवारी-मार्च बरा.

तार, रुई आणि धूळ

दोन्ही तुकडे जोडणारी तार बहुतेक कीबोर्डमध्ये हेडफोनसारख्या पिनेची असते. ती चालू असताना कधीही काढू किंवा लावू नका. पिन आत सरकताना तिची कडी जॅकच्या भलत्याच टोकाला टेकते, वीज जमिनीच्या तारेला मिळते आणि आतली चिप जळू शकते. आधी यूएसबी काढायची, मग ही तार. मी घाईत उलटं केलं आणि उजव्या तुकड्याची चिप बदलावी लागली.

आमच्याकडे वेचणी सुरू झाली की रुईचे तंतू घरभर फिरतात. एकदा उजवा तुकडा राहून राहून बंद पडत होता, मी पुन्हा सेटिंगमध्ये दोन दिवस घालवले. जॅकमध्ये टॉर्च मारून पाहिलं तेव्हा तळाशी रुईचा बोळा दिसला. यूएसबी काढून लाकडी दातकोरणीने अलगद बाहेर काढला आणि तुकडा जागा झाला. तेव्हापासून रात्री दोन्ही तुकड्यांवर सुती दुपटं टाकते. मे महिन्यात कूलरचा ओला वारा थेट टेबलावर येत असेल तर त्याचं तोंड फिरवा; जोडण्यांना ओल चांगली नाही.

लाइट जाऊन येते तेव्हा इन्व्हर्टरवर जाताना एक झटका बसतो. त्यानंतर एखादा तुकडा मुका झाला तर यूएसबी काढून पुन्हा लावली की पुरे.

बसण्याबद्दल थोडं. दोन तुकड्यांच्या मधे जी जागा मोकळी होते, तिथे मी समोरचा कागद ठेवते. सातबारा असो की शाळेचा दाखला, तो आता नाकासमोर असतो, मान उजवीकडे वळवून पाहावं लागत नाही. मनगटाइतकाच आराम मानेला यामुळे पडला आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुकड्यांच्या आतल्या कडेखाली जुन्या पासबुकांच्या दोन-दोन चळती ठेवल्या आहेत, म्हणजे तळवे थोडे एकमेकांकडे झुकतात. बोटांना मुंग्या येत असतील, सकाळी उठल्यावर हात बधिर वाटत असेल, तर मात्र कीबोर्डच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा.

मांडणी मनासारखी झाली की व्हायलमधून तिची फाईल सेव्ह करून पेनड्राइव्हवर ठेवा. आतला प्रोग्रॅम कधी नव्याने भरावा लागला तर सगळं मूळपदावर जातं आणि प्रिंटची खिडकी पुन्हा उघडायला लागते. माझी चिप बदलली तेव्हा असंच झालं होतं. फाईल होती म्हणून दोन मिनिटांत ड, ढ आणि अंगठ्याचा शिफ्ट जागेवर आले, आणि थांबलेले बाबा आपला अर्ज घेऊन चारच्या गाडीने गेले.